कोणाची पाळी, कुठे उभा, काय झालंय: डी अँड डीच्या लढाईची साधनं टेबलावर तपासून

लढाई सुरू झाली की टेबलावर तेच चार प्रश्न फिरून फिरून येतात. आता कोणाची पाळी? तो नक्की कुठे उभा आहे? इथून तिथे पोहोचतं का? आणि याला मघाशी काय झालं होतं? डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून टेबलावर कथा खेळायच्या खेळात एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, कथेतल्या ६ सेकंदांचा. पाच खेळाडू आणि समोर आठ गॉब्लिन राक्षस असले की त्या ६ सेकंदांना खऱ्या घड्याळात पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्यातली निम्मी या प्रश्नोत्तरांत जातात. लढाईसाठी विकलं जाणारं साधन यातल्या एखाद्या प्रश्नाचं तोंड बंद करतं का, एवढंच इथे पाहिलं आहे. दिसायला देखणं, पण डीएमचा, म्हणजे कथा चालवणाऱ्या डंजन मास्टरचा, एक हात कायम अडकवून ठेवणारं साधन नसलेलं बरं.

मापं डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीची आहेत, म्हणजे २०१४ ची पुस्तकं आणि २०२४ ची सुधारित दोन्ही. १ इंचाचं एक घर म्हणजे ५ फूट. पाथफाइंडर या त्याच धाटणीच्या खेळाचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

मॅट: चेसेक्स, पायझो, की कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला

चेसेक्स कंपनीचा बॅटलमॅट, म्हणजे लढाईचा नकाशा काढायचा जाळीचा मॅट, २६ × २३½ इंचांचा, व्हिनाइलचा, एका बाजूला चौकोनी घरं आणि उलट्या बाजूला षट्कोनी. मेगामॅट ३४½ × ४८ इंच, म्हणजे सहा जणांचं जेवणाचं टेबल जवळजवळ झाकतो आणि मग वह्या, फासे, चहाचे कप ठेवायला जागा उरत नाही. चार-पाच खेळाडूंना लहान मॅट पुरतो. व्हिनाइल टेबलावर सपाट बसतं, मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) घसरत नाहीत, फासे फेकले तरी आवाज होत नाही. साधन म्हणून उत्तम.

गोम शाईत आहे. या मॅटवर फक्त पाण्याने पुसली जाणारी शाई चालते. व्हाइटबोर्ड मार्करने लिहिलंत तर मॅट गेला समजा. व्हाइटबोर्डची शाई कोरड्या कापडाने निघते, कारण बोर्डाचा पृष्ठभाग रंग आत शिरू देत नाही. व्हिनाइल लवचीक राहावं म्हणून त्यात जे मऊ करणारं द्रव्य घातलेलं असतं, त्यात हा रंग मुरतो. मग स्पिरिटने घासलं तरी फिकट गुलाबी भिंत कायमची उरते आणि पुढच्या प्रत्येक गुहेत ती कोणालातरी खरीच भिंत वाटते. पाण्याच्या शाईतही लाल सगळ्यांत दगाबाज. काळी आणि निळी वापरा, रात्रभर ठेवू नका, खेळ संपल्यावर ओल्या कापडाने पुसून कोरडी करा.

स्टेशनरीच्या दुकानात 'ओएचपी पेन' मागितलं की दोन प्रकारांतलं कोणतंही हातात पडू शकतं: पाण्याने जाणारं आणि कायमचं. दोन्ही दिसायला सारखी. स्टेडलरच्या ल्युमोकलर मालिकेत दोन्ही आहेत, तेव्हा पेनावर 'नॉन-परमनंट' लिहिलंय का ते वाचूनच घ्या. तरीही पहिली रेघ मॅटच्या कोपऱ्यात ओढा, पाच मिनिटं थांबा, ओल्या बोटाने पुसा. आणखी एक: मॅट घडी घालून ठेवायचा नाही, गुंडाळायचा, आणि वापरायची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचा. आत ठेवलीत तर उलगडल्यावर कडा वर उचलल्या जातात आणि कडेचे धनुर्धर घरंगळतात. बाहेर ठेवली की त्याच कडा टेबलाला चिकटून राहतात.

पायझोचा फ्लिप-मॅट अगदी उलट स्वभावाचा. उघडल्यावर २४ × ३० इंच, घडी घातल्यावर ८ × १० इंच, म्हणजे दप्तरातल्या वहीत बसतो. वरच्या थरावर पाण्याचं पेन, व्हाइटबोर्ड मार्कर आणि कायमचा मार्कर असं तिन्ही चालतं. कायमची रेघ काढायची युक्ती सोपी आहे: तिच्यावरून व्हाइटबोर्ड मार्कर गिरवायचा आणि शाई ओली असतानाच पुसायचं. नव्या शाईतला द्रावक जुन्या शाईला विरघळवून सोबत घेऊन जातो. ३० इंचांची लांबी म्हणजे १५० फूट: लाँगबोची (लांब धनुष्याची) साधी रेंज तेवढीच आणि फायरबॉल या स्पेलचीही, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या मंत्राचीही. मॅटच्या एका टोकाला उभ्या असलेल्याला दुसरं टोक गाठता येतं का, हा प्रश्नच त्यामुळे मिटतो.

त्याचा दोष म्हणजे घड्या. ३ × ३ अशा नऊ चौकटींच्या घड्यांमुळे मधोमध उंचवटे येतात आणि हलकी कागदी सोंगटी नेमकी तिथेच तिरकी होते. घड्या उलट्या दुमडून थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. वर २ मिमीची ॲक्रिलिकची शीट ठेवली की मॅट सपाट होतो आणि लिहायलाही ॲक्रिलिकच वापरता येतं. फक्त ती शीट सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू नका. अल्कोहोलमुळे ॲक्रिलिकला, विशेषतः कापलेल्या कडांना, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.

महाराष्ट्रात तिसरा पर्याय प्रत्येक गावात आहे. वाढदिवसाचे फलक छापणारा फ्लेक्सवाला चौरस फुटाच्या भावाने १ इंचाची जाळीही छापून देतो आणि बाहेरून मागवलेल्या मॅटच्या मानाने खर्च किरकोळ. पण चार गोष्टी सांगितल्याशिवाय काम देऊ नका. फाइल खऱ्या मापात करा आणि 'फिट' करू नका म्हणून बजावा, नाहीतर ३६ घरं ३५ इंचांत बसतात आणि प्रत्येक मोजणी चुकते. फाइलमध्ये एका कडेला १२ इंचांची रेघ ठेवा आणि दुकानातच पट्टी लावून बघा. जाळी काळी नको, फिकट राखाडी हवी, नाहीतर तिच्यावर काढलेल्या भिंती दिसत नाहीत. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते, म्हणून बिनचमकीचं (मॅट) लॅमिनेशन घ्या. लॅमिनेशन केलं तरी थेट फ्लेक्सवर मार्कर चालवू नका. वर टेबलाला घालतात तो जाड पारदर्शक प्लास्टिकचा कपडा अंथरा. तोही मऊ पीव्हीसीच, तेव्हा शाईचे नियम चेसेक्ससारखेच: पाण्याची शाई, त्याच रात्री पुसणं.

ज्यांच्या घरी जेवणाचं टेबल काचेचं आहे त्यांनी यातलं काहीच घेऊ नये. काचेखालून जाळीचा कागद चिकटवा, वर व्हाइटबोर्ड मार्कर. काचेत रंग मुरत नाही, महिनाभराने पुसलं तरी निघतं. जाड काचेमुळे तिरकस बघणाऱ्याला सोंगटी रेघेपासून थोडी सरकलेली दिसते. तेवढ्यावरून भांडण होऊ नये म्हणून सोंगटी घराच्या मधोमध ठेवायची सवय लावा.

पोहोचतं का: साचे

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यांत कमी पैशांत वाचतो तोही इथेच. स्पेल किती घरांवर पसरतो ते दाखवणारे दुकानी साचे पारदर्शक ॲक्रिलिकचे किंवा तारेचे मिळतात. ॲक्रिलिकचा अख्खा गोल मिनींच्या डोक्यांवर टेकतो, खाली बसतच नाही. भाल्याचं टोक मोडायचं असेल तर उत्तम. तारेचा साचा हवा, कारण तो मिनींच्या मधून खाली उतरतो.

फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे साच्याचा व्यास ८ इंच. गोल तार असेल तर परीघ २५ इंचांच्या किंचित वर, जोडाला १ इंच धरून २६ घ्या. पण गोल साच्यात वाद संपत नाही: 'माझ्या घराला नुसता स्पर्श होतोय.' २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडचा नियम असा की मध्यबिंदू घरांच्या रेघा जिथे छेदतात तिथे घ्यायचा आणि निम्मं किंवा जास्त घर झाकलं तर ते सापडलं. हा नियम एकदाच लावून बघितला तर फायरबॉलखाली नेमकी ५२ घरं येतात: ओळीने ४, ६, ८, ८, ८, ८, ६, ४. मग तार गोल कशाला? पायऱ्यापायऱ्यांचाच साचा करा. गंमत अशी की पायऱ्यांची कड ८ इंचांच्या चौकोनाएवढीच भरते, ३२ इंच. २ मिमीची ॲल्युमिनियमची तार ३३ इंच घ्या, चपट्या तोंडाच्या पकडीने २० काटकोनी वळणं द्या, जोडाला दोरा गुंडाळून डिंक लावा. लोखंडी तार घेऊ नका, तिला स्प्रिंगसारखा ताण असतो आणि वळणं सरळ व्हायला बघतात. तयार साचा रेघांवर बसतो. त्यात वाद घालायला जागाच नाही.

वळणं देत बसायचं नसेल तर भरतकामाची रिंग घ्या. ती इंचांच्या मापातच मिळते: ८ इंची म्हणजे फायरबॉल किंवा फॉग क्लाउड, ६ इंची म्हणजे डार्कनेस, ४ इंची म्हणजे शॅटर, हेही सगळे स्पेलच. स्क्रूची बाहेरची रिंग बाजूला ठेवा, फक्त आतली वापरा. तिची उंची जवळजवळ सेंटिमीटरभर असते, त्यामुळे ती ठेवून खेळू नका. वरून धरा, कोण सापडलं ते बघा, उचला. त्याहून लहान माप बांगडीत मिळतं. बांगडीच्या मापात दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो: २-४ म्हणजे सव्वादोन इंच, २-८ म्हणजे अडीच. मूनबीमची त्रिज्या ५ फूट, व्यास २ इंच, म्हणजे लहान मुलीची २-० ची बांगडी. ती राउंडमागून राउंड तिथेच पडून राहते आणि तो टाकणाऱ्या ड्रुइडला आपला स्पेल कुठे आहे ते सांगावं लागत नाही. धातूची किंवा प्लास्टिकची घ्या. काचेची फासा लागून वाढली तर मॅटवर तुकडे वेचत बसावं लागेल.

कोनाचा (शंकूसारख्या पसरणाऱ्या स्पेलचा) साचा विकत घेताना खास जपा. पाचव्या आवृत्तीत कोन टोकापासून जितका लांब तितकाच तिथे रुंद असतो. म्हणजे १५ फुटी बर्निंग हँड्स या स्पेलला ३ इंच उंच, ३ इंच पायाचा त्रिकोण, आणि ६० फुटी कोन ऑफ कोल्डला १२ × १२. टोकाचा कोन ५३ अंशांचा येतो. पाथफाइंडरचा कोन हा पाव गोल, ९० अंशांचा. बाजारातले बरेच जुने साचे त्याच मापाचे आहेत आणि पाकिटावर आवृत्ती ठळक लिहिलेली नसते. ६० फुटांचा फरक बघा: त्रिकोणाचं क्षेत्रफळ ७२ घरांचं, पाव गोलाचं ११३ च्या आसपास. चुकीचा साचा वापरला तर ड्रॅगनचा श्वास दीडपटीहून मोठा होतो आणि खेळाडूंची पार्टी का मरतेय हे कोणालाच कळत नाही. साधा जाड कार्डशीट कापून त्रिकोण केला तरी काम होतं, फक्त मधला भाग कापून चौकट ठेवा, नाहीतर पुन्हा मिनींच्या डोक्यावरच.

अंतर मोजायला काहीजण दर इंचाला गाठ मारलेली दोरी ठेवतात. पाथफाइंडरला ती बरीचशी जुळते, कारण तिथे तिरकी घरं एकाआड एक ५ आणि १० फूट मोजतात. पाचव्या आवृत्तीच्या साध्या नियमात तिरकं घरही ५ फुटांचंच. सहा तिरकी घरं म्हणजे नियमाने ३० फूट, दोरीने साडेआठ इंच, म्हणजे ४२ फूट. तेव्हा घरं मोजायची की दोरी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दोन्ही एकाच टेबलावर ठेवलीत तर प्रत्येक खेळाडू आपल्या सोयीचं उचलतो.

कोणाची पाळी

पायझोचा कॉम्बॅट पॅड म्हणजे पुसता येणारा थर दिलेली लोखंडी पाटी आणि तिच्यावर सरकणाऱ्या चुंबकाच्या पट्ट्या. पट्टीवर नाव लिहा, इनिशिएटिव्हप्रमाणे, म्हणजे फाशाने ठरलेल्या पाळीच्या क्रमाने, वरखाली लावा, चालू पाळीचा बाण सरकवत राहा. पाथफाइंडर खेळणाऱ्यांसाठी हे खरंच उपयोगी, कारण तिथे डिले करून पाळी पुढे ढकलता येते आणि पट्टी उचलून खाली लावली की झालं. तक्रार एकच: पट्टी सरकवताना अंगठा नावावरून फिरतो आणि तिसऱ्या राउंडला 'बोरिन'चा 'बोर' होतो. पट्ट्यांवर पाण्याच्या शाईने लिहा, पाटीवर व्हाइटबोर्ड मार्करने. मग आकडे पुसले जातात, नावं टिकतात. स्वस्तात करायचं तर लहान चुंबकी व्हाइटबोर्ड आणि कात्रीने कापता येणारी चुंबकी पट्टी एवढंच सामान लागतं.

पण पॅडचा मूळ दोष वेगळाच आहे: तो डीएमच्या पडद्यामागे, म्हणजे त्याची टिपणं लपवणाऱ्या पुठ्ठ्यामागे, राहतो. क्रम फक्त डीएमला दिसतो, त्यामुळे 'माझ्यानंतर कोण?' हा प्रश्न थांबत नाही, उलट त्याचं उत्तर द्यायचं काम एकाच माणसावर येतं. पाचव्या आवृत्तीत क्रम लढाईभर बदलत नाही. मग तो सगळ्यांना दिसलाच पाहिजे.

त्यासाठी डीएमच्या पडद्यावर टांगलेल्या घडीच्या चिठ्ठ्यांना तोड नाही. जाड ए-४ कार्डशीटचे आठ तुकडे करा, प्रत्येक साधारण १०५ × ७४ मिमी. मधोमध एकच घडी घालू नका. ४ मिमी अंतरावर दोन घड्या घाला, म्हणजे वर सपाट कणा तयार होतो आणि चिठ्ठी जाड पुठ्ठ्याच्या पडद्यावर न फाकता बसते. खेळाडूंच्या बाजूला फक्त नाव, दोन बोटं उंचीच्या अक्षरांत. डीएमच्या बाजूला एसी, पॅसिव्ह पर्सेप्शन, सेव्हचे आकडे, म्हणजे बचावाचे आणि सावधपणाचे. राक्षसांच्या चिठ्ठ्यांवर खेळाडूंच्या बाजूला चित्र किंवा नुसतं 'गॉब्लिन अ'. पाळी संपली की चिठ्ठी हलवायची गरज नाही. एक कपड्यांचा चिमटा चालू चिठ्ठीवर लावा आणि तो पुढे सरकवा. तो चिमटा सरकवायचं काम डीएमने करू नये. पडद्याजवळ बसलेल्या खेळाडूला द्या, आणि त्याला 'आता तू, तुझ्यानंतर ती' असं मोठ्याने म्हणायला सांगा. पुढच्याला आपला स्पेल शोधायला तेवढा वेळ मिळतो.

नावं थेट चिमट्यांवर लिहून लावणारेही आहेत. मोठे प्लास्टिकचे चिमटे आठ-दहा झाले की पडदा पुढे कलंडतो. फोटो टांगायचे छोटे लाकडी चिमटे चालतात, पण त्यांच्यावर नाव इतकं बारीक लिहावं लागतं की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दिसत नाही. राक्षस सारखेच असतील तर सगळ्यांना मिळून दोनच इनिशिएटिव्ह द्या. आठ गॉब्लिनांच्या आठ चिठ्ठ्या म्हणजे सोय नव्हे, शिक्षा.

वाळूचं घड्याळ? एकदाच चालतं. दुसऱ्या लढाईला कोणी ते उलटं करायला विसरतं आणि तिसऱ्याला ते फाशांच्या डब्यात जातं.

काय झालंय: रिंगा

कंडिशन, म्हणजे पात्रावर झालेले परिणाम, पंधरा आहेत आणि कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल टिकवायला लागणारं लक्ष, त्यांत धरलेलंच नाही. दुकानी रिंगांच्या संचात प्रत्येक कंडिशनचं नाव कोरलेल्या रंगीत प्लास्टिकच्या रिंगा येतात. हातात घेतल्या की छान वाटतात. टेबलावर तीन अडचणी. कोरलेलं नाव दोन फुटांवरून वाचता येत नाही. मिनीचा तळ २५ मिमीचा, घर २५.४ मिमीचं, रिंग त्या तळाभोवती बसायची तर घरापेक्षा मोठी होतेच आणि शेजारच्या मिनीला ढकलते. आणि पंधरा रंग कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. जांभळा म्हणजे चार्म्ड (भुललेला) की फ्रायटन्ड (घाबरलेला) हे बघायला पुन्हा संचाचा कागद शोधायचा, मग रिंग कशाला लावली?

रंग कंडिशनला देऊ नका, खेळाडूला द्या. हे एवढं एक बदललं की रिंगा कामाला येतात. विझार्डचं पात्र खेळणाऱ्याच्या रिंगा निळ्या, वॉरलॉकच्या जांभळ्या, क्लेरिकच्या पांढऱ्या. ऑगर राक्षसावर जांभळी रिंग दिसली की वॉरलॉकला ठाऊक असतं की ती आपली हेक्स (शाप) आहे, आणि ती कधी संपते हे लक्षात ठेवायची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे जाते. कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर खेळाडू आपल्या रंगाच्या सगळ्या रिंगा गोळा करतो, झालं. लाल-हिरवा फरक न दिसणारा कोणी असेल तर त्या जोडीतला एक रंग टाळा.

बाकी कंडिशनना रिंगच नको. प्रोन (जमिनीवर पडलेला) म्हणजे मिनी आडवी. बेशुद्ध म्हणजे आडवी आणि वर एक खडा. अदृश्य म्हणजे मिनी उचलून जागेवर पारदर्शक खडा, माशांच्या टाकीत घालतात तसला. ग्रॅपल्ड (पकडलेला) म्हणजे दोन मिनींचे तळ एकमेकांना चिकटवून. एक मिनिट चालणाऱ्या स्पेलला, म्हणजे १० राउंडना, ज्याने टाकला त्याच्या समोर दहा बाजूंचा फासा ठेवा आणि दर पाळीला एक आकडा उतरवा.

रिंगांचे पैसे वाचवायचे तर सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर गळ्याशी जी रिंग उरते ती घ्या. या बाटल्यांचा गळा बहुधा २८ मिमीचा, त्यामुळे रिंग २५ मिमीच्या तळाभोवती सैलसर बसते आणि दुकानी रिंगेहून बारीक असते. बाटलीचा गळा मिनिटभर गरम पाण्यात धरा, मग चमच्याच्या मुठीने रिंग वर सरकवा. थंड असताना ओढली तर तुटते. तुटलीच तरी फेकू नका, फाटलेली रिंग चिमट्यासारखी मिनीच्या हातात अडकवता येते. युरोपात राहणाऱ्यांना हे इतकं सहज जमणार नाही. तिथे जुलै २०२४ पासून झाकण बाटलीला जोडलेलंच ठेवायचा नियम आहे, त्यामुळे रिंग कात्रीने सोडवावी लागते.

सोंगट्या

पायझोचे पॉन जाड पुठ्ठ्याचे, दोन्ही बाजूंनी चित्र, खाली प्लास्टिकचा तळ. रंगवलेल्या मिनीपेक्षा हलके, एका डब्यात शेकड्याने मावतात आणि ज्याचं चित्र तोच राक्षस, त्यामुळे 'हा ऑर्क आज ट्रोल समजा' असं म्हणावं लागत नाही. तळात खुपसताना-काढताना पुठ्ठ्याचे पदर सुटतात, तेव्हा सरळ घालायचं, पिळायचं नाही. घरी छापणार असाल तर जाड कागदावर दुहेरी चित्र, उंची २ इंचांच्या आत, आणि तळाला १९ मिमीची बाइंडर क्लिप. तिचे दोन्ही तारेचे कान दाबून काढून टाका. क्लिप १ इंचाच्या घरात आरामात मावते आणि पंख्याच्या वाऱ्याने सोंगटी पडत नाही. आपल्याकडे हा मुद्दा लहान नाही.

कॅरमच्या सोंगट्या घरात असतातच आणि आकडे चिकटवून वापरायचा मोह होतो. पण त्यांचा व्यास ३ सेंमीच्या वर असतो. इंचाच्या घरात एकटी ठेवली तर चालते, शेजारी दुसरी आली की दोघी एकमेकींना ढकलतात, आणि सहा गॉब्लिनांच्या गराड्यात कोण कुठल्या घरात हेच कळत नाही. कॅरमच वापरायचा तर फ्लेक्सची जाळी सव्वा इंचाची छापून घ्या, मात्र मग वरचे सगळे साचे बाद. त्यापेक्षा नाणी बरी. २०११ च्या मालिकेतलं २ रुपयांचं नाणं २५ मिमीचं आहे, म्हणजे मिनीच्या तळाएवढंच, आणि २०१९ च्या मालिकेतलं ५ रुपयांचंही. १० रुपयांचं २७ मिमीचं, ते नको. वर गोल स्टिकर लावून ठळक आकडा लिहा. मोठ्या राक्षसांना कार्डशीटचे चौकोन कापा: लार्ज २ × २ इंच, ह्यूज ३ × ३, गारगँटुअन ४ × ४.

राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसतील तो आकडा) मात्र सोंगटीजवळ फासा ठेवून मोजू नका. हात लागला की ७ चा ४ होतो आणि कोणालाच आठवत नाही. डीएमच्या कागदावर सोंगटीच्या आकड्यासमोर बसलेला मार लिहीत जा, वजा करू नका. ५९ मधून १७ वजा करण्यापेक्षा १३ आणि १७ ची बेरीज घाईत कमी चुकते. बेरीज निम्म्यावर पोहोचली की सोंगटीवर लाल मणी ठेवा. २०२४ च्या नियमांत त्या अवस्थेला ब्लडिड असं नावच दिलं आहे.

उडणाऱ्यांसाठी ॲक्रिलिकचे उंच स्टँड मिळतात. रिकामे असताना सुंदर, वर धातूची मिनी ठेवली की धक्क्याला आडवे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं पारदर्शक माप पालथं घालून त्यावर हलकी मिनी ठेवली तर एकवेळ चालतं. पण खरं म्हणजे मिनीशेजारी सहा बाजूंचा फासा ठेवा, आकडा गुणिले १० फूट, एवढ्यात भागतं. हिट पॉइंटला फासा नको म्हटलं ते इथे लागू नाही: इथे आकडा पाळीत एकदाच बदलतो आणि चुकला तरी कोणी मरत नाही. सहसा.

फाशांबद्दल दोनच गोष्टी. हल्ल्याचा आणि नुकसानीचा फासा एकदम टाका. आठ गॉब्लिनांचे बाण असतील तर चार रंगांचे चार डी-२०, म्हणजे वीस बाजूंचे फासे, घ्या, रंग आणि सोंगटीच्या आकड्याची जोडी आधीच ठरवा, दोन फेकींत आठ हल्ले होतात. फासे थाळीत फेकायचे तर तळाला रुमाल अंथरा, स्टीलचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो.

त्रिमितीय भिंती, खांब, पूल हे डोळ्यांचं सुख आहे. ड्वार्व्हन फोर्जसारख्या कंपन्यांचं काम बघत बसावं असं असतं. पण उंच भिंतीमागची मिनी निम्म्या टेबलाला दिसत नाही, साचा बसत नाही, आणि पार्टीने ती खोली टाळून दुसरीकडे मोर्चा वळवला की मांडलेलं सगळं उचलायचं. अपवाद दारांचा. 'दार उघडं होतं की बंद?' हा पाचवा प्रश्न प्रत्येक तळघरात येतो आणि मॅटवर काढलेली रेघ त्याचं उत्तर देत नाही. १ इंच रुंद, दीड इंच उंच कार्डशीटचं दार करा, खाली तीच १९ मिमीची क्लिप. बंद असेल तर भिंतीच्या रेघेवर, उघडलं की काटकोनात वळवून ज्या बाजूला उघडतं त्या घरात. कुलूप असेल तर वर एक यू-पिन लावा. अर्धा डझन पुरतात.